अळणी उसळ

आमच्या घरी जेवायला येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार होते. एक, ज्यांच्या उसळीत मीठ असायचं. आणि दुसरे, ज्यांच्या उसळीत ते मुद्दाम घातलेलं नसायचं. पहिल्या प्रकारात नातेवाईक, शेजारी, माझ्या मैत्रिणी, अचानक उगवणारे अप्पांचे शाळासोबती असे सगळे यायचे. दुसऱ्या प्रकारात फक्त बँकेकडे कर्ज मागायला आलेली माणसं. या दुसऱ्या प्रकारातल्या कुणालाही तो कुठल्या प्रकारात बसलाय हे कळायचं नाही. माहीत होतं ते आईला, अप्पांना आणि मला. मला तरी काय, स्वयंपाकघरात लुडबुड करायची सवय होती म्हणून.

अप्पा म्हणजे माझे वडील. नारायण पेठेतल्या एका लहानशा सहकारी बँकेचे अध्यक्ष आणि आमच्या भागाचे नगरसेवक. दोन्ही पदं एकाच पांढऱ्या सदऱ्यात वावरायची. सकाळी चहाच्या आधीपासून लोक यायला लागायचे, आणि कोण कशासाठी आलंय हे आई जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायची. नळाला पाणी नाही म्हणून येणारा धाडधाड चढायचा, कारण त्याला भांडायचं असायचं. कर्जासाठी येणारा चपला खालीच काढून, दबकत यायचा. अप्पा दोघांनाही सारखाच चहा द्यायचे आणि दोघांचंही ऐकताना नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणून खिडकीबाहेर बघायचे. बोलणं मोजकं. 'होईल', 'होणार नाही', 'उगाच लांबड लावू नका' एवढ्या तीन वाक्यांवर त्यांनी सगळं सार्वजनिक जीवन काढलं असं आई म्हणायची. पण पेठेचा त्यांच्यावर जीव होता. इकडे गोड बोलणाऱ्याचा संशय घेतात आणि तिरसट माणसावर विश्वास ठेवतात, ही आमची जुनी रीत.

आमचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर. खाली रस्त्याच्या अंगाला मुश्ताकभाईंचं पुस्तकबांधणीचं दुकान. खळीचा आंबूस वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि आईच्या फोडणीचा वास खाली त्यांच्यापर्यंत जायचा, त्यामुळे आज आमच्याकडे काय शिजतंय हे मुश्ताकभाईंना माझ्याआधी कळायचं. दुपारी सगळं निवांत झालं की पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आपटल्याचे आवाज, कुकरच्या शिट्ट्या आणि बाहेरच्या खोलीत अप्पांचा फोन. अप्पा फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, जणू समोरचा माणूस नदीपलीकडे आहे. खूपदा तो खरंच नदीपलीकडे असायचाही.

आता उसळीचं सांगते. बँकेत कर्जाचा अर्ज यायचा, जामीनदार यायचे, संचालक मंडळाची बैठक व्हायची. सगळं रीतसर. पण रक्कम जरा मोठी असली की बैठकीच्या आधी अप्पा त्या माणसाला सांगायचे, "रविवारी दोघं जेवायला या." दोघं म्हणजे नवराबायको, लग्न झालेलं नसेल तर आईला घेऊन. माणसं हरखून जायची. अध्यक्षांनी घरी बोलावलं म्हणजे काम झालंच, असं वाटून येताना पेढे आणायची. आई ते पेढे फळीवर ठेवून द्यायची आणि निकाल लागेपर्यंत मला हात लावू द्यायची नाही.

आईचं माहेर खडकीचं. आजोबा दारूगोळा कारखान्यात होते, आणि आजी क्वार्टर्समध्येच कारखान्यातल्या एकट्या माणसांची खाणावळ चालवायची. आई लहानपणापासून तिथं वाढायला. एकदा गडबडीत उसळीत मीठ घालायचं राहिलं. कुणी ताट आपटलं, कुणी हसून मीठ मागून घेतलं, आणि काहीजण 'वा, आज झकास झालीय' म्हणत जेवून गेले. आईनं तेव्हा लक्षात ठेवलं होतं की वाहवा करणारे सगळे तेच होते, ज्यांची बाकी थकलेली होती. त्यातले बरेच पुढे न सांगता खोली सोडून गेले. ज्याला देणं द्यायचं नसतं तो चवीबद्दल तक्रार करत नाही, हा धडा आईनं तिथं घेतला आणि लग्नानंतर आमच्या पेठेत आणला.

तर रविवारी ताटं वाढली जायची. वरणभात, पोळी, कोशिंबीर, आणि वाटीत मटकीची उसळ, अळणी. नवराबायकोंनी एकदमच बसायचं, हा आईचा हट्ट. त्या काळात पुष्कळ बायका संकोचायच्या, पण आई हाताला धरून पाटावर बसवायची. मग वाढता वाढता बघायची. उसळीला 'छान' म्हणणारा नापास. आपल्या बायकोकडे बघून 'आमच्याकडेही हे असंच असतं' असा टोमणा मारणारा तर दुप्पट नापास. जो सरळ 'वहिनी, मीठ राहिलंय' म्हणेल तो पास, आणि काही न बोलता डावीकडचं मीठ कालवून खाणारा काठावर पास. निकाल सांगायची रीतही ठरलेली. पहिलं तूप सगळ्यांनाच मिळायचं, अगदी शत्रूलासुद्धा. पण दुसऱ्या भातावर आई तुपाची वाटी घेऊन पुन्हा बाहेर आली, तर त्या माणसाचं कर्ज मंजूर. नाही आली, तर अप्पा हात धुताना म्हणायचे, "बैठकीत बघू काय होतंय ते." बैठकीत काही व्हायचं नाही.

मुश्ताकभाईंच्या वेळची गंमत मला अजून आठवते. त्यांना कटिंग मशीन घ्यायचं होतं. ते आपल्या अम्मींना घेऊन आले, नवा सदरा घालून, खालच्या दुकानातून वर यायला टांगा करून आल्यासारखे. मुश्ताकभाईंनी उसळीचा घास घेतला, थबकले, आणि मुकाट्यानं दुसरा घ्यायला लागले. पण त्यांच्या अम्मी कुणाला भीत नव्हत्या. त्यांनी वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बेटी, नमक डालना भूल गयी."

"अम्मी!" मुश्ताकभाई कानापर्यंत लाल झाले.

"अम्मी काय? आळणी हाय तर आळणीच म्हणणार ना. माझ्या जिभेला काय झालंय?"

मुश्ताकभाई हसले, चिमटीनं मीठ घेतलं आणि आधी अम्मींच्या वाटीत घातलं, मग आपल्या. आई आत आली ती पदरानं तोंड दाबूनच. तूप दुसऱ्यांदा गेलं, आणि तिसऱ्यांदाही गेलं, असं एकदाच झालं. ते मशीन पुढे आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली बसलं आणि धपधप करत राहिलं. दुपारची झोप मोडली की अप्पा म्हणायचे, "घ्या, आणखी तूप वाढा."

पेठेत म्हण पडली होती, 'अप्पांना माणूस कळतो.' अप्पांचा एकही मोठा कर्जदार बुडला नव्हता. सभेत कुणी असं म्हटलं की अप्पा नुसते मान हलवायचे. आईचं नाव त्यांनी बाहेर कधी घेतलं नाही. पण घरी आल्यावर टोपी खुंटीला लावता लावता म्हणायचे, "अगं, ऐकलंस का? आज पुन्हा मला माणूस कळला." आणि आई म्हणायची, "कळणारच. जेवणाऱ्याला काय, आयतं मिळतं." आईबाप एकमेकांवर खूश आहेत हे मुलांना कसं कळतं ते मला सांगता येणार नाही. पण आमच्या घरात ते रविवारच्या त्या जेवणांतून कळायचं. दोघं मिळून सगळ्या पेठेला फसवत असल्यासारखी दिसायची, आणि त्यांचा तो कट इतका चांगला होता की मलाही त्यात घेतल्याचा अभिमान वाटायचा.

परवा नातवाला हे सांगितलं. तो हिंजवडीला कामाला आहे आणि घरासाठी कर्ज काढतोय. म्हणाला, "आजी, आता सगळं ॲपवर होतं गं. स्कोअर चेक करतात, पाच मिनिटांत अप्रूव्ह." मी विचारलं, "तुझ्या स्कोअरला अळणी कळतं का?" तो हसून परत मोबाइलमध्ये गेला. हसायचंच होतं. पण माझ्या मनात आलं, एका परीनं बरंच आहे. त्या ॲपची कुणी बायको नाही.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास अप्पांकडे गाड्या यायला लागल्या. आधी यायच्या त्या सायकली. आता जिन्याखाली मोटार उभी राहायची आणि मुश्ताकभाईंना दुकानाची फळी आत ओढून घ्यावी लागायची. पक्षाची माणसं. अप्पांना विधानसभेचं तिकीट द्यायचं घाटत होतं. अप्पांनी जन्मभर 'मला काही नको' असं म्हणून काढलं होतं, आणि ते खरंही होतं. पण माणसाला काही नको असतं ते कुणी देऊ करेपर्यंतच. त्यांच्या चालण्यात फरक पडला. सदऱ्याला इस्त्री आधीही असायची, आता ती ते स्वतः तपासायला लागले. आईनं एकदा चेष्टेनं विचारलं, "आमदारीणबाईंना नऊवारी नेसावी लागते का हो?" एरवी यावर चार वाक्यं झाली असती. अप्पा म्हणाले, "उगाच काहीतरी बोलू नकोस." आई पोळ्या लाटत राहिली.

याच सुमारास जयवंतराव आमच्या आयुष्यात आले. मार्केट यार्डात त्यांचा कांदाबटाट्याचा मोठा गाळा होता, आणि तिकिटं वाटणाऱ्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. त्यांना शीतगृह बांधायचं होतं, आणि त्यासाठी आमच्या चिमुकल्या बँकेनं आजवर कुणालाच दिलं नव्हतं एवढं कर्ज पाहिजे होतं. अप्पा दोनतीनदा मार्केट यार्डात जाऊन आले. यायचे तेव्हा कपड्यांना कांद्याचा वास आणि तोंडाला कुलूप. मग एका सकाळी दाढी करता करता आईला म्हणाले, "रविवारी जयवंतराव येतील. सपत्नीक."

"बरं," आई म्हणाली. "मटकी भिजत घालते."

तो रविवार मला घासाघासानं आठवतो. जयवंतराव उंच, गोरे, बोटांत अंगठ्या, पण वागायला अगदी मोकळे. जिन्यात मुश्ताकभाईंना नमस्कार करून वर आले. बायको सावळी, हसरी. पाटावर बसताना जयवंतरावांनी तिला आधी बसू दिलं. आईची भुवई किंचित वर गेली, म्हणजे पहिला गुण मिळाला. जेवण सुरू झालं. जयवंतराव प्रत्येक पदार्थ थोडा थोडा चाखत होते. आधी वरण, मग जरा थांबले. मग कोशिंबीर, पुन्हा थांबले. मग बटाट्याची भाजी. मला वाटलं, माणूस चवीचा दिसतोय. शेवटी उसळीचा घास घेतला, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. वाटी खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, रागावू नका हं, पण उसळीत मीठ विसरलात." मग बायकोकडे वळून, "तू घे आधी," म्हणत तिच्याकडे मीठ सरकवलं.

इतकं नीट आजवर कुणालाच जमलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. मला कुजबुजत म्हणाली, "बड्या माणसांबद्दल आपण उगाच मनात धरतो बघ." तुपाची वाटी गरम करून ती स्वतः बाहेर गेली. अप्पा त्या दिवशी मान खाली घालून जेवत होते. त्यांनी दुसरा भात घेतलाच नाही. मी ते पाहिलं आणि विसरले. उन्हाळा होता, उन्हाळ्यात माणसं कमी जेवतात.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते पुण्यात पुष्कळांना माहीत आहे आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सगळ्या सहकारी बँकांच्या गोष्टी सारख्याच वाटतील. अप्पांना तिकीट मिळालं, निवडणूक मात्र ते हरले. शीतगृहाच्या जागेवर चार खांब उभे राहिले आणि तेवढेच राहिले. एक दिवस मार्केट यार्डातला गाळा बंद दिसला, मग जयवंतरावांचा बंगलाही बंद दिसला. बातमी पेठेत यायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आत रांग लागली होती. बँक आमच्या घरासमोरच, तिरपी; आमच्या खिडकीतून रांगेतलं प्रत्येक तोंड ओळखू येत होतं. माझ्या शाळेतल्या बाई होत्या. दूधवाले होते. पिशवीत पासबुक धरून एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांच्या नळासाठी अप्पांनी महापालिकेत जाऊन टेबलावर मूठ आपटली होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. ते केलं असतं तर बरं झालं असतं.

मुश्ताकभाई त्याच रांगेत होते. दुपारी ते जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहिले. आईला म्हणाले, "वहिनी, मी माझे काढले. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगावं म्हटलं."

"बरं केलंत," आई म्हणाली. "अम्मींची औषधं असतात. आत या, चहा घ्या."

ते आत आले, चहा घेतला. उठताना मुश्ताकभाई म्हणाले, "तो माणूस खाल्ल्या मिठालाही जागला नाही." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. आई उठून आत गेली.

संध्याकाळी बँकेचं दार लावायची वेळ झाली, तरी रांग संपली नव्हती. अप्पा पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली; रस्त्यात त्यांना बोडकं मी पहिल्यांदाच पाहिलं. फोनवर बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "बँकेतल्या कुणाचीही यात चूक नाही. संचालकांची नाही, कारकुनांची नाही. चूक माझी एकट्याची आहे. मी माणूस ओळखण्यात चुकलो." आमच्या खिडकीखाली कुणीतरी म्हणालं, "असं कबूल करायलाही छाती लागते." दुसऱ्या दिवशी पेपरातही तसंच आलं. अप्पांचं पद गेलं, बँकेवर प्रशासक बसला, पुढे ती एका मोठ्या बँकेत विरून गेली आणि लोकांचे पैसे हप्त्याहप्त्यानं का होईना परत मिळाले. पण त्या वाक्यानं अप्पांची अब्रू मात्र राहिली. आजही जुनी माणसं ते सांगतात.

आई खिडकीत माझ्याशेजारी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती रस्त्याकडे बघतच नव्हती, गजाकडे बघत होती. माणूस ओळखण्यात कोण चुकलं, हे त्या पेठेत फक्त तिला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. आपला नवरा आपली चूक आपल्या अंगावर न येऊ देता भर रस्त्यात स्वतःच्या माथी घेतोय, असं तिनं त्यातून ऐकलं. त्या रात्री जेवायला वाढताना तिनं पहिल्यांदा विचारलं. अप्पांच्या ताटात भाजी वाढली, हात तसाच थांबवला आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

अप्पा म्हणाले, "बरोबर आहे."

माझी आई कधी चव घेऊन बघत नसे. बोटांना मीठ कळतं म्हणायची. ती बाई त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाला, प्रत्येक माणसाला, अगदी शेवटपर्यंत विचारत राहिली, मीठ बरोबर आहे ना. सणाला विचारायची, साध्या पिठल्याला विचारायची, हॉटेलात आम्ही तिला नेलं तर स्वतः न केलेल्या भाजीबद्दलही विचारायची. हळूहळू ते मिठापुरतं राहिलं नाही. भाजीवाल्याला विचारायची, ही मेथी कवळी आहे ना? साडी घेताना दुकानदारालाच विचारायची, मला शोभेल ना? लोकांना तो तिचा भिडस्त स्वभाव वाटायचा. मला आठवत होती ती जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखणारी बाई. आणि अप्पा रोज दोन्ही वेळा, न चुकता, मान वर न करता म्हणायचे, बरोबर आहे.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा घरी जेवायला आला. मी सकाळपासून स्वयंपाकघरात घुटमळत होते. मटकी भिजत घातलेली दिसली. मला वाटलं, आज आई पुन्हा बघणार, माझ्यासाठी तरी बघणार. मी म्हणालेही, "आई, उसळीत मीठ नको ना घालायचं?" तिनं माझ्यासमोर चमचाभर मीठ घेतलं, उसळीत घातलं आणि ढवळलं. म्हणाली, "मला माणसं कळत नाहीत, नंदा. तुझं तू बघ." मग बाहेर जाऊन त्या घाबरलेल्या मुलाला तिनं विचारलं, मीठ बरोबर आहे ना? तो म्हणाला, हो, हो. तूप तिनं त्याला किती वेळा वाढलं ते मी मोजलंच नाही, त्याला आता अर्थ नव्हता. मुलगा चांगला निघाला. आमचा संसार कोथरूडला सुखाचा झाला, ते वारले तेव्हा माझं निम्मं अंग गेल्यासारखं झालं. पण आईनं त्यांना पास करायला हवं होतं. मला तिच्या हातची ती एक तुपाची वाटी हवी होती, आणि ती मिळाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. म्हातारपणी माणसानं असल्या गोष्टी धरून बसू नये म्हणतात. म्हणू देत.

आई अप्पांच्या आधी गेली. तेराव्याला आचारी बोलावला होता. माणसं जेवून गेली, मुश्ताकभाई जिना उतरता उतरता रडले, घर रिकामं झालं. दुपारी मी अप्पांचं पान वाढलं आणि समोर बसले. अप्पांनी भात कालवला आणि हात ताटात तसाच ठेवून बसून राहिले. मला वाटलं, त्यांना जेवण जात नाहीये.

"जेवा ना, अप्पा."

"विचार की," ते म्हणाले.

"काय विचारू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई होती तोवर, इतक्या वर्षांत त्यांचा एकही घास त्या प्रश्नाशिवाय उतरला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "मिठाचं त्याला मीच सांगितलं होतं."

मला आधी कळलंच नाही. कुणाला, काय. मग एकेक करून सगळं डोळ्यांसमोर आलं: वरणाचा घास आणि थांबणं, कोशिंबिरीचा घास आणि थांबणं, आणि उसळ लागल्यावर उजळलेला तो चेहरा. जयवंतराव चव घेत नव्हते. अळणी पदार्थ कुठला ते शोधत होते.

"मार्केट यार्डात त्याच्या गाळ्यावर बसलो होतो," अप्पा म्हणाले. "म्हटलं, आमच्याकडे एका पदार्थात मीठ नसेल. सरळ सांगा. बायकोला आधी द्या."

"का, अप्पा?"

"शब्द देऊन बसलो होतो. तिकिटाचंही ठरून गेलं होतं. तिनं तूप वाढलं नसतं, तर मला शब्द मोडता आला नसता आणि तिच्याविरुद्धही जाता आलं नसतं. तिनं हो म्हणायला पाहिजे होतं."

"आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंत तिला?"

अप्पांनी ताटातला भात उगाचच पुन्हा कालवला. "पहिल्या दिवशी सांगणार होतो. जेवताना. तर तिनंच विचारलं, मीठ बरोबर आहे ना. मग रोजच विचारायला लागली." त्यांनी बोटांना लागलेली शितं ताटाच्या कडेला पुसली. "एकदा बरोबर आहे म्हटल्यावर, उद्या चुकीचं होतं म्हणून कसं सांगणार?"

मला राग आला. आई गेल्याच्या दुःखापेक्षा तो राग मोठा होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. हा माणूस सगळ्या पेठेसमोर टोपी काढून उभा राहिला आणि त्यानं चूक पदरात घेतली, सगळी माणसं त्याला मानत राहिली, आणि स्वयंपाकघरात एक बाई आयुष्यभर चमच्यानं मीठ मोजत राहिली. एक वाक्य पुरलं असतं. ते बोलायला त्यांना रोज दोन जेवणं मिळत होती. मी उठले आणि त्यांचं ताट उचललं. मुश्ताकभाईंच्या मुलानं खाली मशीन सुरू केलं होतं. अप्पा हात धुवून खिडकीत जाऊन बसले. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बाहेर नजर.

त्यांच्या सोबतीला मी काही दिवस तिथंच राहिले. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. ते पेपर वाचायचे, मी फळ्या आवरायची, आईचे डबे पुसायची. आणि एका रविवारी सकाळी पाहते तर, मनात काही न ठरवता, मी आधीच मटकी भिजत घातलेली निघाली. मोड आले होते. उसळ केली. मोहरी, हळद, गूळ, आमसूल, सगळं आईसारखं. मिठाचा डबा उघडला आणि परत लावून ठेवला.

अप्पांचं पान वाढलं. वरणभात, त्यावर तूप, वाटीत उसळ, डावीकडे मीठ. अप्पांनी उसळीचा घास घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. डावीकडच्या मिठाला त्यांचं बोट लागलंसुद्धा नाही. ते सावकाश, एकेक घास, ती सगळी वाटी खात राहिले, आणि मी समोर बसून होते. वाटी रिकामी झाल्यावर मी विचारलं, "कशी झालीय?"

अप्पा म्हणाले, "छान झालीय."

मी उठून आत गेले. तुपाची वाटी शेगडीपाशी गरमच होती. दुसरा भात मी त्यांना वाढला. वाटी जिथं होती तिथंच राहू दिली.